आरशातलं गॅरेज

पडदा वर जातो तो पत्र्याचा. खडखडत, मधे एकदा अडकून, मग खालून एक लाथ बसली की सरसर वर. जिंतूरच्या येलदरी रोडवर सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. ऊन डावीकडून येतं, अगदी विंगेतून सोडल्यासारखं. ते आधी पडतं भिंतीवर ओळीनं टांगलेल्या पान्यांवर, मग कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरवर, मग ग्रीसनं काळ्या झालेल्या बाकड्यावर, आणि सगळ्यात शेवटी मुंजाजी मिस्त्रीवर. वय अठ्ठावन्न. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. शेजारच्या चंद्रभानच्या टपरीवरचा चहा तो बशीत ओततो, रस्त्याकडं पाठ करून स्टुलावर बसतो आणि दुरुस्तीला आलेल्या एखाद्या गाडीचा आरसा दोन बोटांनी हळूच फिरवतो.

बघणाऱ्याला वाटावं, मिस्त्री आरसा तपासतोय. पण त्या आरशात रस्त्यापलीकडचं मल्हारचं गॅरेज दिसतं.

सहा वर्षं हा प्रवेश रोज चालला होता. समोरच्या दारात किती गाड्या लागल्या, त्यातली कुठली आधी आपल्याकडं यायची, कोण आपल्याकडं न बघता पुढं गेला, हे सगळं मुंजाजी पाठ करून बसायचा आणि तोंडानं मात्र म्हणायचा की मला काय करायचंय. चंद्रभान त्याच्याच वयाचा, जिभेनं तिखट. एक दिवस केटली खाली ठेवत तो म्हणाला, "मुंजाजी, आरसा जरा इकडं वळव. मलाबी बघू दे की त्याच्या दारात किती हायेत."

"केस किती पिकले ते बघायलोय."

"केस डोक्यावर असतेत. रोडच्या पलीकडं न्हाई."

मुंजाजीनं बशीतला चहा एका घोटात संपवला आणि दिवसभर चंद्रभानशी बोलला नाही.

मुंजाजी मूळचा वालूरचा. पिंपळाखालच्या मुंजाला नवस बोलून झालेला, म्हणून नाव मुंजाजी. त्याला देवानं रूप बेताचं दिलं, उंची बेताची दिली, पण कान मात्र असे दिले की नऊ वर्षांचा असताना पिठाच्या गिरणीच्या दारात उभं राहून त्यानं सांगितलं होतं, पट्टा आज तुटणार. गिरणीवाल्यानं त्याला हाकलून दिलं. दिवस मावळायच्या आत पट्टा तुटला. तेव्हापासून गावात तो कानवाला. पुढं परभणीत एका उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं काढली. त्या उस्तादानं त्याला पाना धरायला शिकवण्याआधी वास घ्यायला शिकवलं. "पैले पेट्रोल सूंग, बाद में पाना पकड," असं तो म्हणायचा. मुंजाजीनं ते असं धरलं की पुढं पस्तीस वर्षांत एकही गाडी टाकीचं झाकण उघडून, नाक आत घालून वास घेतल्याशिवाय त्यानं हातात घेतली नाही. वास झाला की पेचकसाचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला, डोळे मिटायचे. एखादा गवई तंबोरा लावताना मिटतो तसे. आणि मग सांगायचा, चेन ढिली, व्हॉल्व्ह वाजायलाय, बेअरिंग गेलं. लोक ते बघायला थांबायचे. बसस्टँडकडं जाणारा माणूससुद्धा दोन मिनिटं थांबायचा. त्या दोन मिनिटांवर मुंजाजी जगला, म्हटलं तरी चालेल.

आता हेव्याचं. शेजारी उभ्या असलेल्या नटाला टाळी पडली की आपल्या तोंडातलं वाक्य कडू होतं. हे ज्याला कधी झालं नाही तो एक तर साधू असेल, नाही तर कधी रंगमंचावर चढलाच नसेल. मुंजाजीच्या बाबतीत हा कडवटपणा जन्माचा होता. त्याची बायको बायनाबाई सांगायची की लग्नात हा माणूस नवरीकडं कमी आणि क्लॅरोनेटवाल्याकडं जास्त बघत होता, कारण सगळा मांडव क्लॅरोनेटवाल्याकडं बघत होता. पण तीच हेही सांगायची की हेवा करून कुणाचं वाईट त्यानं कधी केलं नाही. तो नुसता जळायचा, आणि जळून झालं की दुसऱ्याच्या गाडीत स्वतःच्या डब्यातलं ग्रीस फुकट भरायचा.

मल्हार चाळिशीतला. त्याचं घराणं मेंढरं राखणारं, येलदरीच्या बाजूचं. त्याला उस्ताद नव्हता. टेम्पो चालवता चालवता, बंद पडला की रस्त्यात उघडून, जोडून तो शिकला. समोरचा गाळा घेतला त्या दिवशी पेढे घेऊन रस्ता ओलांडून आला, पाया पडला आणि म्हणाला की मामा, चुकलं तर कान धरा. मुंजाजीनं पेढा खाल्ला आणि तो गेल्यावर चंद्रभानला सांगितलं की पेढा शिळा होता.

मुंजाजीला सगळ्यात जास्त काय खुपायचं, तर मल्हारची काम करायची तऱ्हा. गाडी आली की हा पठ्ठ्या तिला हातच लावत नसे. गिऱ्हाइकासमोर उकिडवं बसायचा आणि विचारत सुटायचा. कुठं बंद पडती? किती लांब गेल्यावर? चढाला का सपाटीला? टाकी भरलेली असताना का रिकामी? थांबल्यावर किती वेळानं चालू होती? मेंढरू लंगडायला लागलं तर त्याचा बाप आधी ते धरत नसे, कळपात चालू द्यायचा आणि मागून बघत राहायचा. तेच मल्हारनं गाडीला लावलं. मुंजाजी आरशात बघत पुटपुटायचा, "मिस्त्री हाय का तलाठी? नुसता पंचनामा करायलाय."

पण लोक जायचे. पेचकस कानाला लावलेला बघायला थांबणारे कमी झाले होते. आपलं कुणी ऐकून घेतंय म्हणून उकिडव्या मल्हारसमोर उकिडवी बसणारी माणसं वाढली होती.

आणि आता ती लाल गाडी.

दीडशे सीसीची, पुढं झुकून बसायची, टाकीला दोन्ही बाजूंनी गुडघ्याएवढी खोल खाच असलेली जुनी स्पोर्ट गाडी. मुंजाजीनं ती अठरा वर्षांपूर्वी घेतली तेव्हा जिंतुरात तशी दुसरी नव्हती. तेव्हा तो रस्त्यानं गेला की लोक त्याचा हेवा करायचे, आणि आयुष्यात तेवढी एकच गोष्ट होती जिच्यावर बसून त्याला कुणाचा हेवा वाटत नसे. मेहुण्यालासुद्धा त्यानं कधी किल्ली दिली नाही. दर खंडेनवमीला पान्यांची पूजा झाली की तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेऊन टाकीच्या झाकणावर लावायचा. गावाकडच्या मुंजाला लावतात तसा. देवाचा शेंदूर पुसायचा नाही, असा त्याचा नेम होता. थरावर थर चढत गेला होता.

यंदा त्यानं ती गाडी मुलीला दिली. राजेश्रीला येलदरीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली होती. रोज जाऊन येऊन करायचं म्हणजे गाडी हवी. मुंजाजीनं किल्ली तिच्या हातात ठेवली तेव्हा बायनाबाई दारात उभी राहून बघत राहिली, कारण असं काही ती मरायच्या आत बघेल असं तिला वाटलं नव्हतं. त्या खंडेनवमीला त्यानं शेंदूरही सढळ हातानं लावला. चांगला मऊ, दाबून, किल्लीच्या फटीच्या कडेकडेनं.

आणि पंधरा दिवसांनी गाडी रुसायला लागली. जिंतूरमधून निघताना सरळ असायची. दहा-बारा किलोमीटर झाले, धरणाकडचा चढ लागला, की साठच्या पुढं ओढ संपायची. आधी उचकी लागल्यासारखी, मग दोन झटके, मग गप्प. रस्त्याच्या कडेला पाच-सात मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. दोनदा राजेश्री उशिरा पोचली. लस टोचायला आलेल्या बाया पोरांना कडेवर घेऊन पायरीवर ताटकळलेल्या. मोठ्या सिस्टरनं सांगून टाकलं की असंच होणार असेल तर येलदरीतच खोली घेऊन राहा. राजेश्रीला ते नको होतं, बायनाबाईला तर नकोच होतं. आणि मुंजाजीला ते इतकं नको होतं की तो त्यावर एक शब्दही बोलला नाही. त्याचा कान असताना त्याच्या गाडीपायी त्याची पोर घर सोडणार, हे कसं व्हावं.

त्यानं गाडी घेतली. झाकण उघडलं, वास घेतला. पेट्रोल चोख. प्लग काढला तर तोंड पांढरं पडलेलं. म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पोचतंय. त्यानं कार्बोरेटर खोलला, त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तारेनं साफ केलं, जोडला, बसस्टँडपर्यंत फेरी मारली. गाडी वाऱ्यासारखी. दुसऱ्या दिवशी धरणाच्या चढाला पुन्हा गप्प.

दुसऱ्यांदा पेट्रोलची नळी आणि कॉकची जाळी बदलली. तिसऱ्यांदा एअर फिल्टर. चौथ्यांदा इंजिनला पेचकस लावून अर्धा तास डोळे मिटून बसला, आणि त्याला काहीही ऐकू आलं नाही. प्रत्येक वेळी गाडी त्याच्या दारात गुणी लेकरासारखी चालायची. शेवटी त्यानं राजेश्रीलाच बोल लावला. क्लच अर्धा दाबून चालवतीस, म्हणून ओढत न्हाई. राजेश्री शांत पोर. ती फक्त एवढंच म्हणाली, "अण्णा, ती तुमच्यासमोर बिघडतच न्हाई. मी काय करू?"

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, चहाची बशी हातात असताना, मुंजाजीनं आरसा फिरवला आणि आरशात त्याला स्वतःची लाल टाकी दिसली.

मल्हारच्या दारात. स्टँडवर.

बशी त्यानं खाली ठेवली. सांडली नाही, हे चंद्रभान नंतर आठवणीनं सांगायचा. राजेश्री सव्वासातलाच गाडी तिथं लावून जीपनं येलदरीला गेली होती. बापाचं दुकान उघडायच्या आधी. म्हणजे तिनं लपून केलं होतं. मुंजाजीला आधी राग आला तो तिचा, पण तो टिकला नाही. टिकला तो दुसरा. रात्रंदिवस ज्या गाडीचा आवाज आपल्या कानात राहतो ती गाडी त्या माणसासमोर उभी होती, आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्याकडं असा बघत होता की जणू ती त्याला सगळं सांगणार होती. त्याला वाटलं, सांगेलही. आपल्याला नाही सांगितलं, त्याला सांगेल. 

सहा वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता ओलांडून गेला.

"किल्ली दे," तो म्हणाला.

मल्हार उठून उभा राहिला. त्यानं एकही नट सैल केला नव्हता. हात कोरडे, स्वच्छ. त्यानं सांगितलं की ताईला सकाळी विचारून घेतलंय आणि ती गेल्यावर एक फेरीबी मारून आलोय. टाकी सोमवारी भरती, आणि सोमवार-मंगळवारीच गाडी लवकर बंद पडती. टाकी खाली होत आली की लांबपर्यंत जाती. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, तुमीच चालवा. मी मागं बसतो. येलदरीपर्यंत जाऊ. फक्त एक करा, झाकण उघडू नका."

"वास न घेता?"

"एकडाव."

मुंजाजीनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं टोपी काढून रस्त्यावर चालायला सांगितलं. पण किल्ली हातात आली होती, आणि चंद्रभान टपरीतून मान लांब करून बघत होता. मुंजाजी बसला. मागं मल्हार. दोन मिस्त्री एका गाडीवर, जिंतूरनं हे आधी कधी बघितलं नव्हतं.

 दोन्ही बाजूंना कापसाच्या वेचण्या चालल्या होत्या, सोयाबीनची रानं मोकळी पडली होती. गाडी गोड चालत होती आणि मुंजाजी मनातल्या मनात म्हणत होता, बघ, बघ, काही झालेलं न्हाई. त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, बंद पड, नाही तर पोर घर सोडून जाईल. बारा किलोमीटर झाले. चढ लागला. साठवर काटा टेकला आणि गाडीला उचकी लागली. एक झटका, दुसरा, आणि मग रस्त्याच्या कडेला नुसता चाकांचा आवाज.

दोघं उतरले. मुंजाजीनं खिशातून पेचकस काढून इंजिनला लावला, मूठ कानाला. आत काही नव्हतं. गरम लोखंड टिकटिक करत गार होत होतं, तेवढंच.

मल्हार दोन पावलं मागं सरला. "आता उघडा, मामा. हळू उघडा."

मुंजाजीनं किल्ली फिरवली. झाकण उचललं, आणि टाकीनं श्वास घेतला. सुस्स. लांब, बारीक, आत ओढून घेतलेला. दुसऱ्या कुणाला तो वाऱ्याचा वाटला असता. मुंजाजीनं तो ओळखला. त्यानं झाकण लावलं, बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. हवा आत जायला दुसरं पाडावं लागतं, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. टाकीच्या झाकणालाही सुईच्या टोकाएवढं असं एक भोक असतं. मुंजाजीनं गाडी बंद करून झाकण पुन्हा काढलं आणि उन्हाकडं धरलं. तिथं भोक नव्हतं. तिथं शेंदूर होता. अठरा वर्षांचा थर, आणि वरून यंदाचा मऊ, दाबलेला, किल्लीच्या कडेकडेनं. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी, म्हणून ती लवकर गुदमरायची. आणि पोर गाडी घेऊन आली की हा आधी काय करायचा? झाकण उघडायचा. नाक घालायचा. कॉम्प्रेसर मागं धडधडत असायचा, त्यात तो श्वास कुणाला ऐकू येणार. वास घेण्यासाठी झाकण उचललं की रोग पळून जायचा, आणि मग तो पळालेल्या रोगाच्या मागं पाना घेऊन अर्धा दिवस धावायचा.

त्याला वाटलं होतं, कान म्हातारा झाला. कान म्हातारा झाला नव्हता. नाकानं कानाला ऐकूच दिलं नव्हतं.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

मल्हार गाडीच्या चाकाकडं बघत राहिला. सकाळीच कळलं होतं. फेरीला गेला तेव्हा हितंच बंद पडली, झाकण उचललं, आवाज आला.

"मंग तिथंच तार घालून मोकळं का न्हाई केलंस? पोरीला गाडी दिली असतीस. माझ्यापर्यंत आलंबी नसतं."

"कसं करणार, मामा," मल्हार म्हणाला. "शेंदूर तुमी लावलेला. दुसऱ्यानं लावलेला शेंदूर आपण खरवडायचा न्हाई. माझ्या बापानं मला तेवढं शिकवलंय."

मुंजाजीनं बोट झाकणावरच्या शेंदराजवळ नेलं आणि मागं घेतलं. त्याला एकदम ध्यानात आलं की आजवर तो या माणसाच्या गिऱ्हाइकांचा हेवा करत होता, त्याच्या प्रश्नांचा करत होता, त्याच्या कोरड्या हातांचा करत होता, आणि आता शहाणपणाचासुद्धा करायला लागला होता. हे जास्त खोल बोचत होतं. गिऱ्हाईक परत आणता येतं. हे कुठून आणायचं.

त्यानं चपला काढल्या. रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या टोचऱ्या धसकटांत, अनवाणी उभं राहून झाकणाला हात जोडले, ओठ हलवले. मग शर्टाच्या खिशातून जेट साफ करायची बारीक तार काढली आणि इतक्या हलक्या हातानं ते भोक मोकळं केलं की झोपलेल्या लेकराच्या डोळ्यातली चिपडं काढतोय असं वाटावं. निघालेला शेंदूर कुठं टाकावा कळेना. शेवटी त्यानं तो स्वतःच्या कपाळाला लावला. मल्हारनं मान पुढं केली नाही, पण मागंही घेतली नाही. मुंजाजीनं एक बोट त्याच्याही कपाळाला टेकवलं, जरा जोरातच.

पुढचा चढ गाडी गात चढली. धरणाची भिंत दिसली, पाणी दिसलं, उपकेंद्राची पायरी आली. तिथं बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. पांढऱ्या कोटातली राजेश्री दारात आली आणि बापाच्या मागं मल्हार बसलेला बघून जागीच थबकली. तिच्या चेहऱ्यावर पकडलेल्या पोराची भीती होती. दोघांच्या कपाळावर शेंदूर, हे तर तिला काहीच उलगडेना.

मल्हार गाडीवरून उतरला आणि हात स्वच्छ असूनही नळावर हात धुवायला निघून गेला. बोलायची वेळ त्यानं दुसऱ्याला सोडून दिली. असली एक्झिट मोठमोठ्या नटांना जमत नाही.

राजेश्रीनं हळूच विचारलं की गाडी नीट झाली का. मुंजाजी म्हणाला, झाली. मग तिनं विचारलं की काय झालं होतं. त्यानं झाकणाकडं बोट केलं आणि सांगितलं. शेंदराचं, वासाचं, सगळं. सांगताना काही झाकलं नाही. तरी तिनं विचारलंच, आणि हे विचारताना तिचा आवाज अगदी बारीक झाला, "पण अण्णा, सापडलं कुणाला?"

मुंजाजीनं नळाकडं बघितलं. तिथं मल्हार पाठमोरा, ओंजळीनं पाणी पीत होता. खोटं बोलायला मोकळं मैदान होतं. साक्षीदार पाठ फिरवून उभा होता आणि कधीच तोंड उघडणार नव्हता, हे मुंजाजीला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य, आणि जिंतूरमध्ये संध्याकाळपर्यंत कानवाल्याचं नाव पुन्हा झालं असतं. त्यानं ते वाक्य तोंडापर्यंत आणलं. जिभेवर घोळवलंसुद्धा.

"त्याला," तो म्हणाला.

राजेश्रीनं बापाच्या हातातल्या किल्लीकडं बघितलं. मग तिनं विचारलं की म्हणजे आता पुढं काही झालं तर गाडी मी त्यांच्याकडं नेली तर चालंल ना, तुमाला राग न्हाई ना येणार.

मुंजाजीनं गाडीचा आरसा सरळ केला, त्यात काही बघितलं नाही, आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ने की. त्याच्याकडंच ने. पण मी दुपारी जेवायला घरी गेलो की मगच ने."